बारा व्होल्टचा वारा

बंकटच्या अंगावरून वारं गेलं ते मागच्या माघात. चाळीस वर्षं मेंढरांमागं माळ तुडवलेला माणूस एका सकाळी खाटेवरून उठायला गेला आणि डावा हात, डावा पाय त्याचे राहिलेच नाहीत. बोलणंही तुटलं. एक शब्द बाहेर काढायचा तर विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढावा लागे. माजलगावच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं तेव्हा त्याच्या बायकोला, साखराबाईला, एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. उन्हाळ्यात जपा. अंग तापू देऊ नका. पुन्हा झटका आला तर हाती काही लागायचं नाही.

जपा म्हणणं सोपं होतं. दिंद्रुडच्या अलीकडं डांबरी सोडून आत गेलं की वीस-बावीस घरांची वस्ती, तिच्या टोकाला बंकटचं दोन खोल्यांचं घर आणि वर पत्रा. एप्रिल सरेस्तोवर तो पत्रा असा तापायला लागला की दुपारी त्याचे खिळे कडकड वाजायचे. लाईट अकराला जायची ती पाचला यायची. दुकानातला कूलर आणला असता तरी ऐन उन्हाच्या वेळी तो नुसता पत्र्याचा डबा.

आणि ऐन उन्हाच्या वेळीच ते सुरू व्हायचं.

बारा वाजले की बंकटची नजर दाराला चिकटायची. तोंडाचा उजवा कोपरा हलायचा.

"आला," तो म्हणायचा.

पहिल्यांदा साखराबाईनं विचारलं होतं, "कोन आला?"

"नाथा."

नाथा त्यांचा थोरला लेक. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. असाच मे महिना, अशीच दुपार. माळावर मेंढरं घेऊन गेला आणि बाभळीखाली पडलेला सापडला. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले.

ते नाव ऐकल्यापासून साखराबाईनं पुन्हा विचारलं नाही. बाराच्या आत ती दार लावून घ्यायची, कडी घालायची, उंबऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा ठेवायची आणि नवऱ्याच्या उशाशी पदरानं वारा घालत बसायची. बंद दाराकडं बघत बंकट पुटपुटत राहायचा. "पानी... पानी मागतंय." कधी कधी त्यात धाकट्या लेकीचं नाव यायचं. "मोहे..."

"तुलाच हाका मारतेत बघ," साखराबाई मोहिनीला म्हणायची. "डोस्क्यात उष्णता गेलीय त्यांच्या."

मोहिनी मान हलवायची आणि कामाला लागायची. तेवीस वर्षांची ही पोरगी माजलगावच्या आयटीआयमधून वायरमन होऊन आलेली. आसपासच्या शेतांतले स्टार्टर जळाले की तिलाच बोलावणं यायचं. पण बाप असं तिचं नाव घ्यायचा तेव्हा हातातला पाना घसरायचा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. एका दुपारी बंकटचे डोळे पांढरे झाले, अंग विस्तवासारखं झालं. ओल्या चादरीत गुंडाळून मायलेकींनी त्याला कसंबसं सावरलं. त्याच संध्याकाळी मोहिनीनं ठरवलं, कूलर आपणच करायचा. लाईट नको, बॅटरीवर चालेल असा. आबांचं अंग थंड राहील, डोकं शांत होईल, आणि ते बोलणं थांबेल. यातलं शेवटचं तिनं कुणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे तिला तेवढंच हवं होतं.

सामान जमवायला तिला दोन दिवस लागले. निळा पन्नास लिटरचा ड्रम घरात होता. सिरसाळ्याच्या बाजारातून एका मोडक्या पंख्याची बारा व्होल्टची मोटार आणि पाती मिळाली. पंधरा वॅट खायची, घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या चौथाईसुद्धा नाही. बॅटरी फवारणीच्या पंपातली. ती भरायला छपरावर सोलरची प्लेट होती, नाथानं माळावर मोबाईल चार्ज करायला घेतलेली. ड्रमला तीन बाजूंनी खिडक्या कापून तिनं आतून कोंबड्यांची जाळी आणि कूलरचं गवत बसवलं. चौथ्या बाजूला पंखा. पाणी वर चढवायला पंप घेतला तर बॅटरी निम्म्यात उतरेल, म्हणून तिनं पंपच काढून टाकला. वर पाण्याचं भांडं ठेवायचं, ठिबकच्या नळीनं ते गवतावर थेंबथेंब सोडायचं, खाली जमेल ते तांब्यानं पुन्हा वर ओतायचं. थेंब कमीजास्त करायला तिनं बापाला लावलेल्या सलाईनची नळी वापरली. चाक फिरवलं की धार बारीक व्हायची.

वरच्या भांड्याला खाली तोटी हवी होती. तशी वस्तू घरात सापडेना. मोहिनी बादलीला भोक पाडायला बसली तेव्हा साखराबाई आतल्या खोलीतून बाहेर आली. हातात पाच लिटरचं कॅन होतं, भोवती गोणपाट शिवलेलं.

"ह्ये बघ. तोटी हाय ह्याला."

मोहिनीचा हात थांबला. ते नाथाचं कॅन होतं. गोणपाट भिजवलं की पाणी गार राहायचं म्हणून साखराबाईनंच ते शिवून दिलं होतं. त्या दिवशी ते नाथाच्या शेजारी सापडलं होतं, आडवं, कोरडं.

"ते नको, माय."

"कावून?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी साडेबाराला नाथाचा फोन आला होता. "मोहे, एडक्यानं कॅन सांडलं गं. थेंब न्हाई ऱ्हायला. पानी घिऊन ये." मोहिनी तेव्हा दिंद्रुडात मैत्रिणीच्या, मंजुषाच्या घरी होती. घरापासून जेवढा, तेवढाच माळ तिथूनही लांब. पक्कं स्लॅबचं घर, इन्व्हर्टर, समोर मोठा कूलर. "आलेच," ती म्हणाली. चप्पल घालायला म्हणून उठलीसुद्धा. बाहेरच्या झळईनं तोंड भाजलं. पाच मिनिटं अंग गार करावं आणि निघावं म्हणून ती पुन्हा कूलरसमोर टेकली. जाग आली तेव्हा चार वाजले होते. नाथाचे सात मिस्डकॉल होते.

ते तिनं पुसून टाकले. नाथाचा फोन उन्हानं बंद पडला तो पुन्हा चालू झालाच नाही. रात्री माय छाती पिटत विचारत होती, "फोन न्हाई का केला गं त्यानं कुनाला?" आणि मोहिनीच म्हणाली होती, "रेंज नसंल, माय." तेव्हापासून कूलर चालू असेल तिथं ती बसत नव्हती.

आता तिनं बादली बाजूला सारली. तिनं कॅन घेतलं, धुतलं आणि ड्रमवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला कूलर सुरू झाला. मोटारीचा आवाज माशी घोंगावल्यासारखा, इतका बारीक. ओल्या गवताचा वास खोलीत पसरला, आणि पाचच मिनिटांत बंकटच्या कपाळावरचा घाम वाळला. साखराबाईनं वाऱ्यासमोर हात धरला, पालथा केला, पुन्हा सुलटा केला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती हसली.

"माझी बाय ती," ती म्हणाली. मग बाराला दहा कमी असताना सवयीनं दार लावायला उठली.

"दार लावू नको," मोहिनी म्हणाली.

"भर बाराला दार उघडं?"

"वारा आत आला की त्याला भाईर जायला वाट पायजे, माय. न्हाई तर खोली दमट व्हती. आबाचा जीव आनीक घाबरा व्हईल."

साखराबाई उंबऱ्याशी उभी राहिली. बाहेर माळ पांढरा पडला होता. कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

"जायला वाट ठिवली की यायलाबी वाट व्हती," ती म्हणाली. पण दार तिनं उघडं ठेवलं.

बारा वाजले. बंकटची नजर दाराकडं गेली. मोहिनी त्याच्या तोंडाकडं बघत होती. तो कोपरा हलेल, मग ते शब्द येतील. पण तो काही बोलला नाही. डोळे दारावरून निघाले आणि हळूहळू, कुणी चालत येताना बघावं तसे, खोलीभर फिरून खाटेच्या कडेवर थांबले. मग त्यानं उजव्या हातानं आपला लुळा डावा पाय उचलला आणि सरकवला. कंबर सरकवली. दम लागला तरी सरकत राहिला, अर्धी खाट मोकळी होईपर्यंत.

"बस," तो म्हणाला.

आणि वरचं कॅन वाजलं. गट. गट. गट.

साखराबाईनं तोंडावर पदर धरला. मोहिनी उठली. तिनं कॅन हलवून बघितलं. "हवा आडकलीय माय, दुसरं काय न्हाई. झाकन घट्ट हाय म्हनून." तिनं झाकण काढून कॅन पुरतं भरलं आणि झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं. आवाज थांबला.

अर्ध्या तासानं बघितलं तर कॅन रिकामं होतं. तिच्या हिशेबानं पाच लिटर पाणी दीडदोन तास जायला हवं होतं. ड्रमच्या तळाशी हात घातला, तळ कोरडा. नळ्या तपासल्या, जोड तपासले, ड्रमखालची जमीन चाचपली. कुठं ओल नव्हती. हवा कोरडी आहे, गवत पाणी ओढून घेतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नव्हतं. तिनं कॅन पुन्हा भरलं.

पुढचे आठ दिवस हेच. बंकटची तब्येत सुधारली. ताप नाही, धाप नाही, भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. वस्तीतली माणसं कूलर बघून गेली, आम्हालाही कर म्हणाली. आणि रोज बाराला तो सरकायचा, अर्धी खाट मोकळी करायचा, "बस" म्हणायचा, आणि झाकणाला भोक असूनही कॅन वाजायचं, तहानलेला माणूस तांब्या तोंडाला लावतो तसं. ते बारा ते साडेबारातच रिकामं व्हायचं. त्यानंतर मात्र पाच लिटर पाणी बरोबर दीड तास पुरायचं.

साखराबाई हे बघत होती. एका दुपारी तिनं काही न बोलता खाटेच्या मोकळ्या भागावर धुतलेली चादर अंथरली. दुसऱ्या दिवसापासून ती कॅन काठोकाठ भरून ठेवायला लागली. लिंबाचा डहाळा तिनं फेकून दिला होता.

मोहिनीला झोप येईना. दुपारी ती घरात थांबायचं टाळू लागली. स्टार्टरचं काम काढून कुठंतरी शेतावर जायची. पण नवव्या दिवशी साखराबाईला औषधं आणायला दिंद्रुडला जावं लागलं. "दोनपर्यंत येते. आबाजवळ बस," ती म्हणाली, आणि मोहिनीला नाही म्हणता आलं नाही.

खोलीत बाप, लेक आणि तो वारा. मोहिनी वाऱ्यापासून लांब, चुलीच्या कोपऱ्यात बसली. बाहेर झळई नाचत होती. बाराला बंकटनं दाराकडं बघितलं, नजर आत आणली, पाय उचलून सरकला.

"बस."

गट. गट. गट.

चादर खाली दबली. मोहिनीनं ते बघितलं. वाऱ्यानं हलावी तशी ती हलली नाही. मधोमध खोल गेली आणि तशीच राहिली. ओल्या गवताच्या वासात दुसराच एक वास मिसळला, मेंढरांच्या लोकरीचा, उन्हात तापलेला. ह्या घरातली मेंढरं विकून दोन वर्षं झाली होती.

तिला पळायचं होतं. दार उघडं होतं, पण दारापर्यंत जायचं तर खाटेजवळूनच जावं लागणार होतं. ती तशीच भिंतीला पाठ लावून बसली, आणि तिच्या तोंडून शब्द बाहेर पडले.

"भाऊ, म्या झोपले रे."

कॅनचा आवाज थांबला.

"तुझा फोन आलता. म्या येते मनले. उठलेबी व्हते. ऊन लई लागलं मनून पाच मिंटं टेकले मंजुषाच्या कूलरम्होरं, आन् झोपच लागली. तू सातदा फोन केलास. चारला उठले म्या. तवर..." ती हमसाहमशी रडायला लागली. "मायला खोटं सांगितलं. रेंज नव्हती मनून सांगितलं. म्या तुला पानी आनून दिलं न्हाई रे भाऊ."

मोटार बारीक घोंगावत होती. बंकट तिच्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत ना राग होता ना नवल. आपला बाप इथं आहे, त्याला कानानं सगळं ऐकू येतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"ठावं... हाय," तो म्हणाला.

"काय ठावं हाय, आबा?"

शब्द ओढायला त्याला फार वेळ लागला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"त्यो... इचारतो. रोज." त्यानं उजवा हात चादरीच्या त्या खोलगट भागावर ठेवला, कुणाच्या गुडघ्यावर ठेवावा तसा. "मनतो... मोही... उठली का?"

मोहिनी किंचाळली की नाही, ते तिला आठवत नाही. नाथानं बोलावलं असताना ती झोपली होती, हे जगात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तिनं आत्ता सांगितलं ते खरं, पण बापाच्या तोंडी तिचं नाव गेला महिनाभर होतं.

ती रांगत खाटेपाशी गेली. चादरीजवळ तोंड नेलं.

"उठले, भाऊ," ती म्हणाली. "उठले म्या."

थोड्या वेळानं चादर वर आली. हळूच, एखादा माणूस उठून गेल्यावर गोधडी येते तशी.

साखराबाई दोनला परत आली तेव्हा मोहिनी उंबऱ्यात बसली होती. तिनं मायला तिथंच सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. साखराबाई औषधांची पिशवी हातात धरून उभी होती. ऐकून झालं तशी ती लेकीला वळसा घालून आत गेली आणि गोळ्या काढून नवऱ्याला द्यायला लागली.

तीन दिवस ती मोहिनीशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची, बघायची नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिनं ड्रमवरचं कॅन उतरवलं, त्या जागी तोटी बसवलेली बादली ठेवली. ती तोटी तिनं कुठून आणली कोण जाणे. कॅन भरलं, गोणपाट भिजवलं आणि बाराला वीस कमी असताना मोहिनीच्या हातात दिलं. शेजारणीला बंकटजवळ बसवलं.

"चल," ती म्हणाली.

"कुटं?"

"त्यानं बलिवलं व्हतं तिथं."

दोघी माळाला लागल्या. दोन वर्षांत मोहिनी तिकडं फिरकली नव्हती. पायाखालची जमीन चपलेतून चटके देत होती. डोळ्यांसमोर पांढरं फक्क ऊन, कानात नुसतं सुंसुं. पाच लिटरचं कॅन हाताला ओढ देत होतं, ती हात बदलत होती. साखराबाई पुढं चालत होती, मागं बघत नव्हती. बाभळीपाशी पोचल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून छोटा मोबाईल काढला आणि वेळ बघितली.

"आर्धा घंटाबी लागला न्हाई," ती म्हणाली. "पंचवीस मिंटं."

मोहिनी खाली बसली. तिला वाटलं आता माय मारेल. मारावं, असंही वाटलं. साखराबाईनं तिच्या हातून कॅन घेतलं, तोटी उघडली आणि बाभळीच्या बुडाशी सगळं पाणी सोडलं. तापल्या मातीनं ते चर्र करून पिऊन टाकलं. थेंब संपेस्तोवर ती वाकून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण ती काय बोलत होती ते मोहिनीला ऐकू आलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच.

परतताना अर्ध्या वाटेवर मोहिनीला भोवळ आली. साखराबाईनं तिला दंडाला धरून थांबवलं. कॅनचं गोणपाट अजून ओलं होतं. तिनं शिवण दातानं तोडली, गोणपाट काढलं आणि लेकीच्या डोक्यावर टाकलं.

"माफ न्हाई करायची म्या तुला," ती म्हणाली. "येवढ्यात न्हाई. पुढचं ठावं न्हाई."

"व्हय, माय."

"चल आता. उनात थांबू नको."

त्या उन्हाळ्यात मोहिनीनं तसले नऊ कूलर बांधले. वस्तीत दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण, दिंद्रुडचा एक आजारी मास्तर. प्रत्येक घरात ती एकच गोष्ट बजावायची, दार उघडं ठेवा. का, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, हवा खेळती राहते. हे खरं होतं, म्हणून कुणी पुढं विचारलं नाही.